कबरीवरची शिला कोठे घडवावी: लष्कर भागातील एका दुकानाचे परीक्षण

पुण्यात कबरीवरची शिला घडवून देणारी दुकाने मोजकीच आहेत आणि त्यांच्याविषयी लिहिलेले तर जवळजवळ काहीच सापडत नाही. लोक कब्रस्तानाच्या रखवालदाराला विचारतात, तो ज्याचे नाव घेईल त्याच्याकडे जातात आणि दुःखाच्या दिवसांत फारशी चौकशी न करता पैसे देऊन मोकळे होतात. आमच्या आत्यांच्या कबरीसाठी आम्ही लष्कर भागातील अशाच एका जुन्या दुकानाकडून काम करून घेतले. शिला बसून एक पावसाळा उलटला असल्यामुळे आता तिच्याविषयी जबाबदारीने लिहिता येईल. हातात आहे तेच काम वेळेवर पुरे होत नाही, त्यात नव्या गिऱ्हाइकांची भर नको, असे मालकांनी सांगितल्यामुळे दुकानाचे नाव देत नाही.

परीक्षण करायचे तर कसोटी आधी सांगितली पाहिजे. बायबलमधील यहोशवाच्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात इस्राएल लोक यार्देन ओलांडतात तेव्हा नदीच्या पात्रातून बारा धोंडे उचलून आणतात व गिलगाल येथे ते उभे केले जातात, आणि त्याचे कारणही तेथेच दिलेले आहे: पुढे मुले विचारतील की हे धोंडे कशाचे, तेव्हा वडिलांनी त्यांना घडलेली हकिगत सांगावी. दगडाने विचारायला लावायचे आणि उत्तर माणसांनी द्यायचे, अशी ही वाटणी आहे. आपल्या मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, प्रभुभोजनाच्या मेजावर ‘माझ्या स्मरणार्थ हे करा’ असे शब्द अनेकदा कोरलेले दिसतात, आणि तेथेही आज्ञा करण्याची आहे. भाकर मोडून आणि प्याला घेऊन ते स्मरण दर वेळी नव्याने करावे लागते. म्हणून शिलेकडून माझ्या अपेक्षा दोनच होत्या. नातवंडांच्या मुलांनाही ती स्वच्छ वाचता यावी, आणि ती वाचून त्यांनी घरी येऊन काहीतरी विचारावे.

या दृष्टीने दुकानाची पहिली भेट समाधानकारक ठरली. दफनविधीला थोडेच दिवस झाले होते आणि घरातील सर्वांना शिला ताबडतोब बसवायची घाई होती. मालकांनी आगाऊ रक्कम घेण्यास नकार दिला आणि म्हणाले, “साहेब, माती बसू द्या. एक पावसाळा जाऊ द्या, मग या. आत्ता लादी टाकली तर भाद्रपदात ती एका अंगाला कलंडलेली बघायला लागेल.” तोपर्यंत लाकडी क्रूस पुरेसा आहे, असेही त्यांनी सुचवले. ताज्या कबरीतील भुसभुशीत माती अनेक महिने खचत राहते आणि पुण्याच्या पावसात ती अधिक खचते, ही गोष्ट कोणताही अनुभवी गवंडी जाणतो; परंतु आलेले गिऱ्हाईक परत पाठवण्याइतकी सचोटी प्रत्येकाजवळ असतेच असे नाही. दुसरी गोष्ट त्यांनी मागितली ती बाप्तिस्म्याच्या नोंदीची प्रत. आत्यांचे नाव मंडळीच्या नोंदवहीत एका प्रकारे आणि पेन्शनच्या कागदांवर दुसऱ्या प्रकारे लिहिलेले होते, हे आम्हाला त्यामुळेच समजले. मालक स्वतः ख्रिस्ती नाहीत, पण त्यांचे वडीलही हेच काम करीत असत, आणि कोणते वचन निवडले आहे हे पाळकसाहेबांना दाखवून या, असे तेच आवर्जून सांगतात.

दगडाच्या निवडीबाबत मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण बहुतेक कुटुंबांचे पैसे येथेच वाया जातात. संगमरवर पांढरा, शुभ्र आणि पवित्र वाटतो म्हणून त्याचा आग्रह धरला जातो. लष्करातील १८२५ सालच्या सेंट मेरीज चर्चमध्ये भिंतींवर बसवलेल्या संगमरवरी स्मृतिपट्टिकांवरील बारीक अक्षरे आजही सुरेख दिसतात, हे खरे. पण त्या छपराखाली आहेत. तोच दगड उघड्यावर ठेवला तर शहराच्या धुराने किंचित आम्लधर्मी झालेले पावसाचे पाणी त्याचा पृष्ठभाग हळूहळू विरघळवते, कारण संगमरवर हा मुळात चुनखडकाच्याच कुळातला आहे. सोलापूर रस्त्यावरच्या जुन्या सेंट सेपल्कर कब्रस्तानासारख्या ठिकाणी हिंडताना अक्षरे बोटाने चाचपून वाचावी लागतील अशा शिला भेटतात, त्यामागे हे एक कारण आहे. पूर्वी संगमरवरात अक्षरे खोल कोरून त्यांत शिसे ठोकून भरीत असत. दगड झिजला तरी शिशामुळे अक्षर वाचता येई, पण एखादा तुकडा निसटला की नावातले अक्षरच नाहीसे होई. आपला काळा बेसॉल्ट टिकतो उत्तम, मात्र त्यावर बारीक अक्षर उठत नाही. त्यामुळे दुकानदारांनी काळ्या ग्रॅनाइटचा सल्ला दिला आणि तो आम्ही मानला. ग्रॅनाइटला आम्लाचे भय जवळजवळ नसते, आणि काळ्या घोटीव पृष्ठभागावर कोरलेला भाग राखाडी उमटत असल्यामुळे रंग भरला नाही तरी मजकूर दिसतो. सोनेरी रंग भरण्याची प्रथा सर्वत्र आहे, पण तो रंग उन्हाने उडतो, आणि मग दर काही वर्षांनी कोणी तरी तो भरायचा असतो. ते कोणी तरी पुढे परदेशी गेलेले असते.

अक्षरे कोरण्याच्या कामात या दुकानाचे खरे कौशल्य दिसते. हल्ली बहुतेक ठिकाणी संगणकावर मजकूर जुळवून तो रबरी पत्र्यावर कापतात, तो पत्रा दगडाला चिकटवतात आणि उघड्या राहिलेल्या जागी दाबाने वाळूचा मारा करतात. रोमन लिपीसाठी ही पद्धत सोपी आहे. देवनागरीत व, ब, ध, थ यांच्या पोटातील इवलासा रबराचा तुकडा माऱ्यात उडून गेला की अक्षराची गाठ भरून जाते आणि ‘वर्ष’ की ‘बर्ष’ असा प्रश्न पडतो. जुन्या फाँटमधून नव्यात मजकूर नेताना ‘ख्रिस्त’ मधली वेलांटी भलतीकडे जाते, ‘पुनरुत्थान’ या शब्दाचे तर अनेक प्रकारे हाल होतात, आणि ज्या कबरीवर पुनरुत्थानाची आशा लिहायची तेथेच तो शब्द मोडलेला असतो. हे मी कब्रस्तानात फिरून पाहिलेले आहे. या दुकानात वाळूचा मारा झाल्यावर एक वयस्कर कारागीर छिन्नीने प्रत्येक अक्षराची कड साफ करतात आणि अक्षरांचे पोट हाताने मोकळे करतात. शिरोरेषा ते मुद्दाम अक्षरापेक्षा उथळ ठेवतात. सलग खोल शिरोरेषा म्हणजे पाणी साठण्याची पन्हळ, आणि पाणी साठले की शेवाळ धरते, असे त्यांचे म्हणणे आहे. आमच्या शिलेवर या पावसाळ्यात शेवाळ कडेला धरले, अक्षरांत नाही. त्यावरून त्यांचे म्हणणे खरे वाटते. कोरण्यापूर्वी संपूर्ण मजकूर मूळ आकारात कागदावर छापून देतात व त्यावर घरच्या दोघांच्या सह्या घेतात.

मजकुरावरून आमच्या घरात बराच वाद झाला. आत्या अहिल्यानगरकडच्या, आयुष्यभर शाळेत शिकवलेल्या, त्यामुळे प्रत्येकाला त्यांच्याविषयी काहीतरी लिहायचे होते आणि प्रेमळ, कष्टाळू, दानशूर, शिस्तप्रिय अशी विशेषणांची रांग लागली होती. मालकांचा दर अक्षरांच्या संख्येवर असल्याने जास्त मजकूर त्यांच्या फायद्याचाच होता, तरीही त्यांनी तो कमी करण्यास सुचवले. मला या वेळी खडकीच्या युद्ध कब्रस्तानाची आठवण झाली. दुसऱ्या महायुद्धातील सुमारे १,६६८ सैनिकांच्या कबरी तेथे आहेत. १९१७ साली स्थापन झालेल्या ब्रिटिश साम्राज्याच्या युद्धकबर आयोगाने हुद्दा, वंश किंवा धर्म पाहून स्मारकात भेद करायचा नाही, असे तत्त्व ठरवले, आणि पहिल्या महायुद्धानंतर कुटुंबीयांना स्वतःचा मजकूर लिहिण्यासाठी बहुधा ६६ अक्षरांची मर्यादा घातली. इतक्या थोड्या जागेत आई-बापांनी काय लिहिले असेल याचा विचार केला की विशेषणे आपोआप गळतात. शेवटी आम्ही नाव, जन्म व मृत्यूची वर्षे, ‘शिक्षिका’ हा एकच शब्द आणि एका वचनाचा संदर्भ एवढेच ठेवले. वचन पूर्ण न लिहिता केवळ अध्याय व ओवी देण्याची कल्पना पाळकसाहेबांची. ज्याला जाणून घ्यायचे आहे त्याने पवित्र शास्त्र उघडावे.

याच्याही पलीकडे जाऊन शिला हवीच कशाला, असे विचारणारा एक प्रवाह आपल्या परंपरेत आहे, आणि तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही. मोशेची कबर आजपर्यंत कोणाला ठाऊक नाही, असे बायबलमधील ‘अनुवाद’ हे पुस्तक सांगते. १५६४ साली जिनिव्हात मरण पावलेल्या प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्व्हिनला त्याच्याच इच्छेनुसार खूण नसलेल्या कबरीत पुरले गेले. संदेष्ट्यांच्या कबरी बांधणाऱ्या आणि नीतिमानांची थडगी शृंगारणाऱ्यांना प्रभू येशूने मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या तेविसाव्या अध्यायात चांगलेच सुनावले आहे. या सर्वाचा रोख शृंगारावर आहे, असे मी समजतो, आणि दुकानाचे जे मला पटले नाही तेही शृंगारच. त्यांच्या नमुन्यांच्या वहीत पंख पसरलेल्या देवदूतांचे बरेच प्रकार आहेत. लेझरने छायाचित्र उमटवण्याची सोय आहे, पण ते काम अत्यंत उथळ असते आणि तिरक्या उन्हात चेहरा दिसेनासा होतो. मोबाइलने वाचायचा चौकोनी कोड बसवून देण्याचा नवा प्रस्तावही त्यांनी ठेवला. तो कोड ज्या संकेतस्थळावर नेईल त्याचे वार्षिक शुल्क एखाद्या वर्षी भरायचे राहिले की दगडावर निरर्थक ठिपके उरतील. हे पर्याय ते लादत नाहीत, एवढे नमूद करतो.

कॅथलिक आणि प्रोटेस्टंट गिऱ्हाइकांसाठी त्यांच्याकडे दोन वेगळ्या वह्या आहेत, आणि हे भान मला महत्त्वाचे वाटते. कॅथलिक बांधव २ नोव्हेंबरला मृतांसाठी मिस्सा (चर्चमधील उपासनाविधी) अर्पण करतात, कबरींवर मेणबत्त्या लावतात आणि आत्म्याला शांती मिळावी अशी विनंती शिलेवरही लिहितात. आमच्याकडे मृतांसाठी प्रार्थना न करता त्यांच्या आयुष्याबद्दल देवाचे आभार मानतात, आणि पुनरुत्थानदिनी, म्हणजे ईस्टरला, पहाटे मंडळी कब्रस्तानात जमते. एकाचा मजकूर दुसऱ्याच्या शिलेवर गेला तर दोन्ही घरे दुखावतील. शिला कोणत्या टोकाला बसवायची हेही ते विचारतात, कारण पाय पूर्वेला ठेवून पुरण्याची जुनी रीत जागेच्या टंचाईमुळे सर्वत्र पाळता येत नाही.

आता तक्रारी. दिलेल्या अंदाजपत्रकात कब्रस्तान समितीचे परवानगी शुल्क आणि वाहतूक धरलेली नव्हती, त्यामुळे २२,००० रुपयांचे काम २७,००० च्या पुढे गेले; हे आधी सांगता आले असते. ठरलेली तारीख टळली, दूरध्वनीला उत्तर मिळेना, आणि शिला अखेर बसली तेव्हा ती अगदी सपाट बसवलेली होती. पाणी वाहून जाण्यासाठी पायाकडे थोडा उतार हवा, असे सांगितल्यावर त्यांनी माणसे पाठवून ती विनामूल्य पुन्हा बसवली, पण ते सांगावे लागले.

एकंदरीत, मराठी मजकूर शुद्ध आणि वाचनीय हवा असेल, तर थोडी दिरंगाई सोसूनही हे दुकान निवडावे, असे माझे मत आहे. भव्य क्रूस किंवा घडीव मूर्ती हवी असल्यास दुसरीकडे पाहावे. ते काम येथे सामान्य दर्जाचे होते. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापूर्वी शिला बसायला हवी असेल तर गणपतीच्या आधीच मजकूर पक्का करून द्यावा, वाहतुकीसह सर्व खर्च लेखी घ्यावा, आणि बसवताना घरचे कोणी तरी पाण्याची बाटली घेऊन हजर राहावे, म्हणजे उतार तेथल्या तेथे तपासता येईल. पुढे शिला धुताना फरशीचे आम्ल वापरू नये; ग्रॅनाइटचे फारसे बिघडत नाही, पण सांध्यांतील सिमेंट त्याने सुटते. साधे पाणी आणि नायलॉनचा ब्रश पुरतो.