वूड फायबर इन्सुलेशन बोर्ड (60 मिमी, आतून लावायचे): दोन हिवाळे काढल्यावरचा रिव्ह्यू

हे बोर्ड म्हणजे लाकडाच्या तंतूंचे, भिंतीला आतून लावायचे, घराची ऊब बाहेर जाऊ नये म्हणून. आधी घर कसलं ते सांगते, कारण सगळं त्यावरच आहे. इंग्लंडमधल्या लेस्टरचं शंभरेक वर्षांचं टेरेस हाऊस, म्हणजे ओळीतलं, दोन्ही बाजूला शेजारी, आणि भिंती नऊ इंची भरीव विटेच्या, मधे पोकळी नाही. बाहेरून एकाच ओळीत लांब वीट, आखूड टोक, परत लांब वीट असं दिसलं की बहुतेक वेळा भिंत भरीवच असते. हिवाळ्यात पुढच्या बेडरूममधे कपाटामागे काळी बुरशी यायची आणि लेकीच्या स्वेटरांना कुबट वास, दर वर्षी ब्लीचने पुसून पुसून मी खरंच रडकुंडीला आले होते.

पहिल्या कॉन्ट्रॅक्टरने फॉइलवाला फोम सुचवला, त्यावर प्लास्टरबोर्ड, काम झटपट आणि स्वस्त. मी जवळजवळ हो म्हटलं होतं. पण आतून इन्सुलेशन लावलं की मागची वीट आधीपेक्षा जास्त गार पडते, खोलीतली दमट हवा एखाद्या फटीतून मागे गेली की तिथे पाणी सुटतं, आणि पावसाने बाहेरून भिजलेली भिंत फॉइलमुळे आतल्या बाजूने सुकतही नाही. वरच्या मजल्याच्या लाकडी तुळयांची टोकं याच भिंतीत बसवलेली असतात, ती आतल्या आत कुजली तर कळणार कधी? हे डोक्यात बसल्यावर नाही म्हटलं.

वूड फायबर बोर्ड ओल शोषतो आणि परत सोडतो, म्हणून तो घेतला. फोमपेक्षा जाड लागतो हे खरं. आमच्या भिंतीची यू-व्हॅल्यू (भिंतीतून उष्णता किती निसटते त्याचा आकडा, जितका कमी तितकं बरं) साधारण 2.1 होती ती हिशोबाने 0.5 च्या आसपास आली. इंग्लंडच्या नियमात आकडा 0.30 आहे पण अशा जुन्या भिंतीत ओलीचा धोका असेल तर सवलत मिळू शकते, बिल्डिंग कंट्रोलशी, म्हणजे बांधकामाचे नियम तपासणाऱ्यांशी, काम काढायच्या आधीच बोला.

आणि बोर्डाच्या आधी बाहेरचं काम, हे मी प्रत्येकाला हात जोडून सांगते. आमचं गटर गळत होतं, विटांच्या दरजा कुणीतरी सिमेंटने भरल्या होत्या त्या काढून चुन्याने भरल्या, दारापुढची माती भिंतीवर चढली होती ती खाली केली, मग भिंत सुकायला अख्खा उन्हाळा दिला. आतलं जिप्सम प्लास्टर आणि विनाइल वॉलपेपर पूर्ण खरवडून चुन्याच्या गिलाव्याने भिंत सपाट केली आणि त्यावर बोर्ड चुन्याच्याच मसाल्यात, मागे कुठेही पोकळी न ठेवता दाबून बसवले. खिडकीच्या कडांना 20 मिमीचे पातळ बोर्ड लावलेच पाहिजेत, नाहीतर नेमकी तिथेच बुरशी येते. वरून परत चुना, आणि रंग मिनरल पेंट, म्हणजे ओल आरपार जाऊ देणारा, साधा विनाइल इमल्शन (प्लास्टिकसारखा थर धरणारा) मारला तर एवढं सगळं केलेलं वाया. वाईला आजीच्या वाड्यात चुन्याच्याच भिंती होत्या, ओला चुना हाताला लागला तेव्हा तोच वास आला आणि फार बरं वाटलं.

आता तक्रारी. खोली त्या बाजूने साताठ सेंटिमीटरने आत आली. जड शेल्फ साध्या स्क्रूवर टिकत नाही, खास फिक्सिंग आणावे लागतात. चुना सुकायला आठवडे जातात, घाई केली तर तडे. आणि चुन्याचं काम येणारे गवंडी कमी, आम्ही चार महिने थांबलो.

आणि आपल्या घरात कुकरच्या शिट्ट्या, वरणभात, आत वाळत घातलेले कपडे, त्यामुळे वाफ भरपूर. किचन आणि बाथरूममधे चांगला एक्झॉस्ट फॅन हवाच, बोर्ड त्याचं काम करणार नाही. फॅन बसल्यापासून आमच्याकडे आर्द्रता 50 ते 60 टक्क्यांत असते, आधी 75 च्या वर जायची.

दोन हिवाळे झाले, कपाटामागे हात घालून बघते, कोरडं. माझ्याकडून पाचपैकी साडेचार. मागची खोली राहिलीय, ती मे महिन्यात करणार, थंडीत चुना नीट धरत नाही.