पवनचक्कीचं चित्र घ्यायचंय: दोरे की कोपेल?

'डॉन किहोते' या स्पॅनिश कादंबरीचा नायक पवनचक्क्यांना राक्षस समजून त्यांच्यावर चालून जातो. तो प्रसंग फ्रेम करून लावायचा असेल, तर जुन्या छापचित्रांत पर्याय भरपूर. माझ्या मते खरी निवड दोघांतच आहे.

गुस्ताव्ह दोरेचं चित्र १८६३च्या पॅरिस आवृत्तीतलं, एलिओदोर पिझाँने लाकडी ठोकळ्यावर कोरलेलं. पात्याने घोडा आणि स्वार दोघांनाही उचलून भिरकावलंय. रोसिनान्ते या घोड्याचे पाय वर, मालकाचा पत्ता नाही म्हणावं इतका गुंता. मात्र चक्की ही चक्कीच आहे, राक्षसाचा मागमूस नाही. म्हणजे आपण सगळं किहोतेचा शहाणा सेवक सांचो याच्या नजरेने बघतो आणि फजितीला खदखदून हसतो.

शार्ल-आंत्वान कोपेलने चित्रं काढली ती गोबलँ या पॅरिसच्या कारखान्यात विणल्या जाणाऱ्या भिंतीवरच्या पडद्यांसाठी. १७२०च्या दशकात त्यांच्यावरून तांब्याच्या पत्र्यावरची छापचित्रं निघू लागली. त्याच्याकडे झुंज नाहीच. किहोते नुकताच घर सोडून निघालाय, साक्षात वेडेपणा बाईच्या रूपात त्याला वाट दाखवतोय, आणि मागच्या चक्कीला चक्क राक्षसाचं डोकं फुटलंय! इथे नजर किहोतेची. हसू उशिरा येतं, पण मला तेच जास्त मुरलेलं वाटतं.

(लंडनच्या १७३८च्या देखण्या आवृत्तीत शोधू नका. अशी अचाट साहसं वाचताना पटतात, डोळ्यांसमोर आली की पटत नाहीत, असं म्हणून तिथे चक्क्यांना फाटाच दिलाय. दोरेने तो मुद्दा पार निकालात काढला.)

दिवाणखान्यात, लांबून दिसायला हवं असेल तर बेलाशक दोरे. वाचायच्या टेबलाजवळ, रोज थोडं थोडं बघायला कोपेल.

घेताना भिंग जवळ ठेवा. ठिपक्यांची जाळी दिसली तर ती आधुनिक छपाई, जुन्याचा भाव देऊ नका. तांब्याच्या छापाभोवती कागदावर पत्र्याची दबलेली चौकट बोटाला लागते, कडा कापलेल्या नसतील तर. लाकडी छापाला ती नसते, त्यामुळे दोरेच्या बाबतीत ती शोधत बसू नका. त्याच्या पुढच्या आवृत्त्या अनेक देशांत निघाल्या, म्हणून विक्रेत्याला साल आणि शहर विचाराच. कोपेलचा मोठा छाप आवाक्याबाहेर असेल, तर हेगच्या १७४६च्या आवृत्तीतल्या लहान आकाराच्या नकला बघा.