समोरच्या चाकाची कुईकुई गेली, सात महिने झाले – भांडुपच्या या गॅरेजचा सविस्तर अनुभव

काम एप्रिलमध्ये झालं आणि रिव्ह्यू आत्ता नोव्हेंबरमध्ये लिहितेय, हे मुद्दाम केलंय. सस्पेन्शनमधून (चाकांवर गाडी तोलून धक्के झेलणाऱ्या भागांतून) येणारी कुईकुई पावसाळ्यात बऱ्याचदा आपोआप थांबते आणि आपल्याला वाटतं झालं काम. मी ठरवलं होतं, ऑक्टोबरचं ऊन खाऊन गाडी गप्प राहिली तरच लिहायचं. राहिली.

गाडी मारुतीची हॅचबॅक, पेट्रोल, २०११ ची, ८४ हजार किलोमीटर झालेत. बाबांनी रिटायर झाल्यावर घेतलेली, पहिल्या सर्व्हिसपासूनची सगळी बिलं त्यांच्या फायलीत तारखेनुसार लावलेली आहेत. २०२६ मध्ये १५ वर्षं पूर्ण होतील, मग आरटीओत पुन्हा रजिस्ट्रेशन करावं लागेल, ते पुढे ५ वर्षांसाठी मिळतं, आणि आम्हाला ते करायचंय. विकायची नाहीये. इंजिन अजून एकदम मस्त आहे आणि मुलुंड ते ठाणे, मुलुंड ते दादर एवढंच आमचं जाणं-येणं.

आवाज कसा होता सांगते. जुन्या लोखंडी कॉटवर कोणी कूस बदलली की जसा येतो ना, अगदी तस्सा. सोसायटीच्या गेटसमोरच्या स्पीडब्रेकरवर हळू चढलं की कुईईक, उतरताना परत कुईईक. वेगात असलं की नाही यायचा, हळू गेलं की यायचा, आणि एलबीएस रोडवर जिथे पेव्हर ब्लॉकची पट्टी लागते तिथे तर सलग. बाबांना आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीला न्यायचे तेव्हा ते दर वेळी काच खाली करून कान बाहेर काढायचे आणि म्हणायचे डावीकडून येतोय गं. (बरोबर होतं त्यांचं, शेवटी डावीकडूनच निघाला.)

या गॅरेजच्या आधी दोन ठिकाणी जाऊन आले. एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गाडी न चालवता, नुसता आवाज तोंडी ऐकून, दोन्ही शॉकर (धक्के जिरवणारे), दोन्ही लोअर आर्म (चाकाला खालून गाडीशी जोडणारे लोखंडी हात), लिंक रॉड (जोडणारी छोटी काडी), वरचे माउंट (शॉकर वरून जिथे बसतो तो भाग, बेअरिंगसकट) असं सगळंच लिहून २७ हजारांचं एस्टिमेट हातात दिलं. मी विचारलं नेमकं काय खराब आहे, तर म्हणे मॅडम गाडी जुनी आहे, सगळंच बदललेलं बरं. दुसऱ्या ठिकाणी एकाने चाकाच्या आत हात घालून कसलासा ऑइलचा स्प्रे सगळीकडे मारला, २०० रुपये घेतले, चार दिवस खरंच शांत होती गाडी आणि पाचव्या दिवशी पहिल्यापेक्षा जोरात.

मग आमच्या मजल्यावरच्या काकांनी हे गॅरेज सांगितलं. भांडुप पश्चिमेला, बाहेरून बघाल तर काही खास वाटणार नाही, एक पिट (गाडीखाली उतरून काम करायचा खड्डा), एक पत्र्याची शेड आणि दोन पोरं. मिस्त्री साताऱ्याकडचे, साठीच्या आसपासचे, सगळे त्यांना मामा म्हणतात तर मीही मामाच म्हणते.

मला सगळ्यात आवडलं ते हे की पहिली दहा मिनिटं त्यांनी पाना हातात घेतलाच नाही. नुसते प्रश्न. ताई, आवाज गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवलं की येतो का? ब्रेक दाबल्यावर येतो का? पूर्ण वळवून पुढे घेताना कटकट होते का? खड्ड्यात टकटक होते का, की नुसती कुईकुई? आणि शेवटचा प्रश्न, पावसात येतो का? मी म्हटलं नाही, मागच्या जुलै-ऑगस्टमध्ये अजिबात नव्हता. त्यावर ते म्हणाले मग रबर आहे, बघू कुठलं.

नंतर मला नीट समजावलं. वळताना कटकट असेल तर बहुतेक एक्सलचा जॉइंट, खड्ड्यात टकटक असेल तर लिंक रॉड किंवा बॉल जॉइंट (आर्म आणि चाक जोडणारा गोळ्याचा सांधा) ढिला, उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना टण्ण असा आवाज आला तर शॉकरच्या वरचं बेअरिंग जाम. आणि हळू चढउतारावर कुईकुई असेल तर बुश. बुश म्हणजे लोखंडी नळीभोवती पक्कं चिकटवलेलं रबर, आर्म वरखाली होतो तेव्हा ते रबर पिळलं जातं आणि परत सरळ होतं. तडा जाऊन ते लोखंडापासून सुटलं की पिळण्याऐवजी घासायला लागतं, आणि कोरडं रबर लोखंडावर घासलं की ओरडणारच. पाणी लागलं की घसरतं, म्हणून पावसात गप्प. ऑइलच्या स्प्रेने पण गप्प होतं पण ऑइल रबर फुगवून मऊ करतं, म्हणजे आजार वाढतो. मारायचाच असेल तर सिलिकॉन स्प्रे मारा म्हणाले, तो रबराला त्रास देत नाही, पण फाटलेलं रबर त्यानेही जोडलं जात नाही.

मग एसी, पंखा, रेडिओ सगळं बंद करून, काचा खाली करून मामा माझ्या शेजारी बसले आणि गल्लीतून दोन फेऱ्या मारायला लावल्या. परत येऊन एका पोराला स्टिअरिंग फिरवायला सांगितलं आणि स्वतः चाकाच्या कमानीतून हात घालून स्प्रिंगवर दोन बोटं ठेवली. बेअरिंग जाम असेल तर स्प्रिंग आधी पीळ खाते आणि मग झटक्यात सुटते, बोटांना कळतं. मला पण हात ठेवून बघायला लावलं, इंजिन बंद असताना, एकदम सावकाश. सरळ फिरत होती. म्हणजे वरचे माउंट, जे २७ हजारात धरले होते, ते व्यवस्थित होते. शॉकरवरून बोट फिरवून दाखवलं, धूळ होती पण तेलाचा ओघळ नव्हता, आणि बॉनेट दाबून सोडलं तर गाडी एकदा वर येऊन थांबली, झुलत बसली नाही. शॉकर पण बाद नाहीत.

आणि मग ती बाटली. साधी पाण्याची बाटली, झाकणाला सुईने भोक पाडलेलं. गाडी पिटवर घेतली, मामा खाली उतरले, एक पोरगा पुढचा बंपर दाबून गाडी खालीवर करतोय, कुईक कुईक चालू, आणि मामा एकेका बुशवर पाण्याची बारीक धार सोडतायत. आधी स्टॅबिलायझर बारचे (वळताना गाडी कलू न देणाऱ्या दांड्याचे) बुश भिजवले, आवाज तसाच. मग डाव्या लोअर आर्मचा पुढचा बुश, तसाच. मग त्याच आर्मचा मागचा बुश, आणि आवाज गायब. पोरगा दाबतोय, गाडी हलतेय, काही नाही. मी पिटच्या कडेला उकिडवी बसून हे बघत होते आणि खरं सांगते, मला भरून आलं, इतके महिने जे कोणाला सापडत नव्हतं ते एका बाटलीने सापडलं. पण ते तिथे थांबले नाहीत, कापडाने बुश पुसला, हवा मारून सुकवला, थोडा वेळ थांबले आणि परत दाबायला लावलं. आवाज परत आला. आता नक्की, म्हणाले.

मग जॅक लावून पहार घालून बुश जरा ढकलून दाखवला, रबराला अर्ध्याहून जास्त गोल चीर होती, आत बोटाचं नख जात होतं. चाक वर-खाली धरून हलवलं, बॉल जॉइंट ढिला नव्हता पण त्याचं रबरी आवरण फाटलेलं आणि आतलं ग्रीस काळं पडलेलं. म्हणून ते म्हणाले नुसता बुश प्रेसने काढून नवीन बसवता येतो, स्वस्तात होईल, पण बॉल जॉइंट आज ना उद्या जाणार आणि आपल्या गाडीत तो आर्मसोबतच येतो, तर पूर्ण आर्म टाका. उजव्या बाजूला वरवरच्या भेगा आहेत, वर्षभर सहज चालेल, जबरदस्ती नाही. दोन्ही बाजू एकत्र करायचं मी ठरवलं, कारण उजवा बुश पण त्याच वयाचा आणि अलाइनमेंटचा (चाकं नीट सरळ लावून घ्यायचा) खर्च एकदाच. पार्ट हवं तर तुम्ही आणा म्हणाले, मी कंपनीच्या ऑथराइज्ड काउंटरवरून सीलबंद आणले.

आता एक गोष्ट जी प्रत्येकाने आपल्या मेकॅनिकला विचारावी असं मला मनापासून वाटतं. नवीन आर्म लावल्यावर मामांनी बोल्ट हाताने बसवून तसेच सोडले, घट्ट केलेच नाहीत. चाकं लावली, गाडी जमिनीवर उतरवली, पुढे-मागे ढकलली, दोनचार वेळा दाबली, आणि गाडीचं वजन टायरवर आल्यावर मग पिटमध्ये उतरून टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या) घट्ट केले. मी विचारलं असं का, वर असताना सोपं पडलं नसतं का? तर म्हणाले, ताई, चाक लटकत असताना बोल्ट आवळला तर रबर त्या लटकलेल्या स्थितीत पकडलं जातं, मग गाडी खाली आली की कायम पिळलेलं राहतं. मान वाकडी करून रात्रभर झोपलं तर सकाळी काय होतं? तसं त्याला वर्षभर झोपावं लागतं. मग नवा बुश पण लवकर फाटतो आणि लोक म्हणतात पार्ट डुप्लिकेट होता.

खर्च असा: दोन लोअर आर्म ३,८०० रुपये, स्टॅबिलायझर बारचे दोन बुश २४० (हे फाटलेले नव्हते पण कडक झालेले, उघडलंच आहे तर टाकले), मजुरी १,८००. अलाइनमेंट यांच्याकडे होत नाही, ती टायरवाल्याकडे ५०० रुपयात केली, आणि करायचीच, आर्म बदलल्यावर माझं स्टिअरिंग जरा डावीकडे ओढत होतं ते त्यानंतर सरळ झालं. एकूण ६,३४० रुपये. जुने आर्म न मागता डिकीत ठेवून दिले. ते मी बाबांना दाखवले, त्यांनी त्या चिरेत नख घालून बघितलं आणि बिल फायलीत लावलं.

आता एक स्टार का कापला. सांगितले दोन दिवस, लागले चार, कारण मधे कोणाचं तरी क्लचचं काम आलं आणि फोन केला तर कोणी उचलत नाही, मला दोन फेऱ्या उगाच पडल्या. पहिल्या रात्री गाडी बाहेर रस्त्यावर उभी होती, हे मला आवडलं नाही आणि तसं मी त्यांना सांगितलं. बसायला एक स्टूल आहे, बायकांसाठी टॉयलेटची काहीच सोय नाही, चार तास थांबायचं असेल तर हा मोठा प्रश्न आहे. कार्ड चालत नाही, यूपीआय चालतं, आणि बिल साध्या कागदावर मिळतं, मी मागून त्यावर गाडीचा नंबर, किलोमीटर आणि पार्ट नंबर लिहून घेतले.

त्यानंतर अख्खा पावसाळा गेला, गणपतीत गावी चिपळूणला जाऊन आलो, गोवा हायवेचे खड्डे कसे आहेत ते वेगळं सांगायला नको. ऑक्टोबरमध्ये गाडी दिवसभर उन्हात उभी ठेवून संध्याकाळी मुद्दाम त्याच पेव्हर ब्लॉकवरून दोनदा हळू नेली, काचा खाली, बाबा शेजारी कान देऊन. काही नाही. शॉकरचं डस्ट कव्हर फाटलंय आणि आतला बंप स्टॉप (मोठ्या धक्क्यात शॉकर आपटू न देणारा तुकडा) भुगा होत आलाय हे मामांनी तेव्हाच सांगितलं होतं, ते जानेवारीत त्यांच्याकडेच करणार आहे.

जाणार असाल तर सकाळी १० च्या आत जा, नंतर पिट रिकामा नसतो. जायच्या आधी आठवडाभर आवाज कधी येतो ते मोबाइलमध्ये लिहून ठेवा, गाडी थंड असताना की तापल्यावर, वळताना की ब्रेकरवर, सुक्यात की ओल्यात, मामा हेच सगळं विचारतात. आणि गाडी धुऊन नेऊ नका, ओले बुश बोलत नाहीत.