मूल घेऊन परराज्यात जायचंय: तडजोड, परवानगी की आधी मुक्काम हलवायचा?

पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात घटस्फोट चालू आहे किंवा नुकताच झालाय, मूल तुमच्याकडे आहे आणि नोकरी लागलीय बंगळुरूला. अशा वेळी तीन वाटा दिसतात: दुसऱ्या पालकाशी लेखी तडजोड, कोर्टाकडे परवानगीचा अर्ज, किंवा आधी जायचं आणि मग काय ते बघायचं. (इथलं विवेचन हिंदू विवाह कायदा लागू असलेल्या जोडप्यांपुरतं.)

तिसरी वाट आधी निकालात काढू, कारण मोह तिचाच जास्त होतो. पत्नी राहते त्या ठिकाणी तिला घटस्फोटाचा अर्ज करता येतो, म्हणून ‘तिकडे जाऊन केस टाका’ असा सल्ला सर्रास मिळतो. मुलाच्या ताब्याचं तसं नाही. १८९० च्या गार्डियन्स अँड वॉर्ड्स कायद्याचं कलम ९ मुलाचं नेहमीचं वास्तव्य कुठे आहे ते बघतं, आणि महिन्याभरापूर्वीचा भाडेकरार त्याला सहसा पुरत नाही. मग एक केस या राज्यात, दुसरी त्या राज्यात. ती एका राज्यातून दुसऱ्यात वर्ग करून घ्यायची तर सुप्रीम कोर्टातच जावं लागतं, म्हणजे दिल्लीतल्या वकिलाची फी आणखी वेगळी. तुमची कायदेशीर पालक (गार्डियन) म्हणून नेमणूक कोर्टाने केली असेल, तर याच कायद्याच्या कलम २६ नुसार परवानगीशिवाय मुलाला कोर्टाच्या हद्दीबाहेर नेता येत नाही. कोर्टाचा अधिकार चालू नये अशा रीतीने नेलं, तर कलम ४४ खाली हजार रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत दिवाणी कैद. दंड किरकोळ वाटेल, पण पुढे प्रत्येक तारखेला समोरचा वकील हाच मुद्दा काढतो.

बाईला घरात मारहाण होत असेल तर मात्र आधी बाहेर पडावं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली तात्पुरत्या मुक्कामाच्या ठिकाणीही अर्ज चालतो आणि मुलाचा तात्पुरता ताबाही मागता येतो.

समोरचा पालक बोलायला तयार असेल तर तडजोडच बरी. तिचं सगळं बळ मसुद्यात असतं. ‘वडील सोयीनुसार मुलाला भेटतील’ हे वाक्य एकाच शहरात कसंबसं निभावतं. मध्ये आठशे किलोमीटर आले की पहिल्याच दिवाळीत भांडण ठरलेलं. त्याऐवजी लिहा: दिवाळीच्या सुट्टीचा पहिला अर्धा भाग आणि मे महिन्यातले तीन आठवडे वडिलांकडे, न्यायला वडील येतील, परत आणायला आई जाईल, तिकिटं ज्याच्या त्याच्या खर्चाने, रोज संध्याकाळी साडेसातला व्हिडिओ कॉल, पत्ता किंवा शाळा बदलण्याआधी तीस दिवस लेखी सूचना. शाळेचा निकाल आणि आजारपणाचे कागद दोघांनाही मिळतील, हेही घाला. व्हॉट्सअ‍ॅपवरचं ‘हो, जा’ पुरावा म्हणून दाखवता येईल, पण तो आदेश नव्हे. संमतीच्या अटी कोर्टात दाखल करून त्यावर आदेश घ्याच.

समोरून नकारच येत असेल तर महिनोन्‌महिने मनधरणी न करता, ज्या कोर्टाने ताबा दिला तिथेच बदलाचा अर्ज करा. ताब्याचे आदेश कायमचे गोठलेले नसतात. विक्रम वीर व्होरा प्रकरणात (२०१०) सुप्रीम कोर्टाने आईला नोकरीसाठी मुलाला थेट ऑस्ट्रेलियाला नेऊ दिलं आणि वडिलांच्या भेटी नव्याने आखून दिल्या. अर्जासोबत रुजू होण्याची तारीख असलेलं नियुक्तिपत्र, शाळाप्रवेशाचं पत्र, घराचा पत्ता आणि तुम्ही कामावर असताना मूल कोणाजवळ राहील ते द्या. बहुतेक अर्ज लंगडे पडतात ते भेटींचं वेळापत्रक नसल्यामुळे. ‘पगार वाढतोय’ एवढ्यावर न्यायाधीशांचं समाधान होत नाही. दुसऱ्या पालकाला मूल कधी आणि कसं भेटेल, हे त्यांना हवं असतं. यशिता साहू निकालात (२०२०) पालक वेगळ्या राज्यांत असले तरी मुलाशी रोज पाच-दहा मिनिटं बोलणं व्हावं, असं सुप्रीम कोर्टाने म्हटलंय. तुम्ही आपणहून तेवढं देऊ केलंत तर विरोधाची निम्मी धार जाते. मूल पाच वर्षांखालचं असेल तर ताबा सहसा आईकडे, पण तेवढ्यावर स्थलांतराची परवानगी गृहीत धरू नका. जाणत्या मुलाशी न्यायाधीश चेंबरमध्ये स्वतः बोलू शकतात. त्याला उत्तरं पढवून नेलं तर ते लगेच कळतं.

अर्ज केल्यावरही तडजोडीचं दार उघडंच असतं. समुपदेशकापुढे बसल्यावर अटी ठरतात आणि तिथल्या तिथे दाखल होतात. अर्जाची वेळ मात्र शाळेकडे बघून ठरवा: सीबीएसईचं वर्ष एप्रिलमध्ये, राज्य मंडळाचं जूनमध्ये सुरू होतं. जूनमध्ये जायचं असेल तर निदान डिसेंबरात अर्ज पडायला हवा, कारण उन्हाळी सुट्टीत कोर्टाचं नेहमीचं कामकाज बंद असतं.