ठोकळा ग्रॅफाइटचाच होता, पण ब्रशचा नव्हता

कार्बन ब्रश बनवणाऱ्यांनी आणि विकत घेणाऱ्यांनी, दोघांनीही वाचावं म्हणून हे लिहितोय. ब्रश म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला टेकून वीज नेणारा कार्बनचा तुकडा, आणि तांब्याच्या पट्ट्यांच्या ज्या गोलावर तो घासतो तो कम्युटेटर. मी फसलो तो ठोकळ्यांच्या एका लॉटमध्ये. त्या लॉटमधून कापलेले ब्रश मी माझ्या शिक्क्यानिशी पार्ट्यांना दिले. पैसे माझे बुडाले आणि कम्युटेटर त्यांचे जळले. पैशांपेक्षा हे दुसरं मला जास्त लागलं.

आधी थोडं कामाबद्दल, नाहीतर फसवणूक नेमकी कुठे झाली ते कळणार नाही. आमच्यासारखे छोटे ब्रशवाले कार्बन स्वतः तयार करत नाहीत. काजळी किंवा कोक अगदी बारीक दळायचा, तो कोळशाच्या डांबरात कालवायचा, दाबून ठोकळे पाडायचे, ते हवा लागू न देता कित्येक दिवस हळूहळू तापवत हजार अंशांच्या आसपास न्यायचे, आणि मग विजेच्या भट्टीत २५०० अंश सेल्सिअसच्या पुढे नेऊन त्यांचं ग्रॅफाइट करायचं, हे सगळं मोठ्या कारखान्यांचं काम. अशा भट्टीत ग्रॅफाइट बनवण्याचं पेटंट ॲचेसन यांना १८९६ मध्ये मिळालं, आणि असा माल इलेक्ट्रोग्रॅफाइट म्हणून ओळखला जातो. आम्ही तयार ठोकळे आणतो, मापात कापतो, घासतो, भोक पाडतो, त्यात तांब्याची वेणी बसवून भोवती तांब्याची भुकटी ठासतो, टोकाला टर्मिनल लावतो. म्हणजे ब्रशचा जीव ज्या कार्बनमध्ये असतो, त्याच्यासाठी आम्ही पूर्णपणे दुसऱ्याच्या शब्दावर अवलंबून. आणि अशा भट्ट्यांतून फक्त ब्रशचे ठोकळे निघत नाहीत, पोलाद वितळवणाऱ्या आर्क भट्ट्यांचे जाडजूड गोल इलेक्ट्रोडही निघतात. माझ्या प्रकरणाचं मूळ तिथेच आहे.

माझा नेहमीचा पुरवठादार माल वेळेवर देईना. त्याच सुमारास एका व्यापाऱ्याचा फोन आला. तुम्ही वापरता त्याच ग्रेडचे ठोकळे आहेत, माल तयार आहे, भावही बरा लावतो, म्हणाला. बोलणं जाणकाराचं होतं. डीसी मोटरला काजळीच्या जातीचं इलेक्ट्रोग्रॅफाइट का लागतं, स्लिप रिंगला, म्हणजे पट्ट्या नसलेल्या सलग कड्याला, तांबं मिसळलेलं का चालतं, हे त्याने मला न अडखळता सांगितलं. सॅम्पल म्हणून दोन ठोकळे पाठवले. मी त्यांचे ब्रश करून ओळखीच्या एका मशीनवर दोन आठवडे चालवले. ठिणगी नाही, कम्युटेटरवर छान तपकिरी थर धरलेला. हा थर म्हणजे तांब्याचं ऑक्साइड, ग्रॅफाइटचा पातळ लेप आणि हवेतला ओलावा यांची साय. ती नीट धरली की ब्रश जमला असं समजायचं. मी समजलो. निम्मे पैसे ऑर्डरसोबत आणि उरलेले माल निघायच्या आधी, ही त्याची अटही मान्य केली.

माल आला तेव्हा मी काहीच तपासलं नाही असं नाही. वरच्या थरातले तीन ठोकळे काढले, मापं घेतली, वजन करून घनता काढली. १.६ च्या जवळपास आली, म्हणजे हवी तशी. कागदावर घासून पाहिलं, तर मऊ करडी रेघ उठली. नुसता भाजलेला कठीण कार्बन असता तर तो कागदावर खरखरला असता, तेव्हा तीही शंका नाही. सोबतच्या सर्टिफिकेटवर घनता होती, राख होती, कडकपणा होता. रेझिस्टिव्हिटीच्या, म्हणजे माल करंटला किती अडवतो त्याच्या, रकान्यात आकड्याऐवजी ‘विनिर्देशानुसार’ एवढंच लिहिलं होतं. ते मी वाचलं आणि पान उलटलं.

माझी खरी चूक या परिच्छेदात आहे. आर्क भट्टीच्या इलेक्ट्रोडचं ग्रॅफाइटही घनतेला १.६-१.७ च्या आसपासच भरतं. कागदावर तेही तशीच रेघ ओढतं. राख त्यातही कमीच असते. मी ज्या ज्या तपासण्या केल्या त्या सगळ्यांत ब्रशचा ठोकळा आणि इलेक्ट्रोडचं भंगार सारखंच उतरतं. ज्या एका तपासणीत ते दोन उघडे पडतात ती मी केली नाही, आणि कागदावर तोच रकाना भरलेला नव्हता.

इशारे मिळाले होते. कापायला बसणारा माझा सहकारी दुसऱ्याच दिवशी म्हणाला, ‘दादा, हा माल कापताना कडा तुटतायत. भुसाही जाडा पडतोय.’ मी ब्लेड बदलायला सांगितलं. मग वेणी ठासताना दोन-तीन ब्रशच्या भोकाची कोर उडाली. तेव्हा मी ड्रिलचा वेग कमी करायला सांगितलं. हाताखालचा माणूस रोज तोच माल हाताळतो, त्याच्या बोटांना जे कळतं ते कागदाला कळत नाही. त्याचं ऐकून त्याच दिवशी काम थांबवलं असतं तर एकही ब्रश बाहेर गेला नसता.

तिसऱ्या आठवड्यात पहिला फोन आला. एका कारखान्यातली मोठी डीसी मोटर, ब्रश बदलल्यापासून ठिणग्या टाकतेय. मी स्वतः गेलो. मोटर चालू असताना झरोक्यातून पाहिलं, तर ब्रशच्या मागच्या कडेला, म्हणजे कम्युटेटरची पट्टी ज्या बाजूने ब्रशखालून निसटते तिथे, निळसर पांढरी रेषा सलग पेटलेली. बंद करून पाहिलं तर दर काही पट्ट्यांआड एक पट्टी काळी पडलेली. माझा पहिला संशय स्प्रिंगवर गेला. काट्याने ताण मोजला, बरोबर निघाला. पट्ट्यांना एकमेकींपासून वेगळं ठेवणारा मधला अभ्रक वर आलाय का पाहिलं, नव्हता. होल्डर आणि कम्युटेटरमधलं अंतरही दोन-अडीच मिलिमीटरच होतं. मग वेण्यांकडे नजर गेली. एकाच ओळीतल्या पाच ब्रशपैकी दोघांच्या वेण्या तापून काळ्या-निळ्या झालेल्या, बाकी तिघांच्या नव्यासारख्या लखलखीत.

एकाच ओळीत, एकाच मापाचे, एकाच ग्रेडचे ब्रश करंट साधारण सारखा वाटून घेतात. दोघेच तापले याचा अर्थ ते दोघे इतरांचा वाटाही ओढत होते. म्हणजे ते बाकीच्यांच्या जातीचे नव्हते. एका मशीनवर दोन ग्रेड कधी मिसळू नयेत हे मी इतरांना सांगत आलोय, आणि माझ्याच शिक्क्याचे दोन जातींचे ब्रश तिथे शेजारी-शेजारी बसले होते.

तापलेला एक ब्रश तिथेच मोडला आणि भिंगाखाली धरला. चांगल्या ब्रशचं मोडलेलं तोंड एकसारखं मंद काळं दिसतं, कण वेगळे ओळखूच येत नाहीत. इथे लांबट, सुईसारखे कण चमकत होते. काही नुसत्या डोळ्यांनाही दिसले.

परत येऊन उरलेला सगळा माल जमिनीवर मांडला. वरचा थर खरा होता. खालच्या दोन थरांत ठोकळ्यांवर शिक्का तोच, माप तेच, पण एकेक उलटून पाहत गेलो तेव्हा एका ठोकळ्याची लांब कड सरळ नसल्याचं दिसलं. पट्टी लावली तर मध्ये उजेड दिसेना आणि दोन्ही टोकांना दिसला. अगदी हलका बाक, मोठ्या गोल वस्तूच्या पाठीचा असावा तसा. आणि त्याच्या खालच्या ठोकळ्याच्या कोपऱ्यात, नखाएवढ्या जागेत, आट्याचे अडीच फेरे. रुंद, तिरप्या भिंतींचे, घासायचे राहून गेलेले. आर्क भट्टीचे इलेक्ट्रोड एकामागे एक जोडण्यासाठी त्यांच्या टोकांना असेच आटे पाडलेले असतात. वापरून उरलेले तुकडे किंवा तुटलेले इलेक्ट्रोड उभे-आडवे चिरून त्यांचे ठोकळे केले होते. तो कोपरा मी बराच वेळ हातात धरून बसलो.

मग जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. १६ बाय ३२ मिलिमीटरच्या छेदाचे तुकडे कापले, एक खरा, एक संशयित. दोन्ही टोकांना तांब्याच्या पट्ट्या दाबून १० ॲम्पियर डीसी सोडला आणि मधल्या भागात २० मिलिमीटर अंतरावर दोन टोचण्या टेकवून मिलिव्होल्ट मोजले. माझ्या ग्रेडची रेझिस्टिव्हिटी ५० मायक्रोओहम-मीटरच्या आसपास, म्हणजे हिशेबाने साडेएकोणीस मिलिव्होल्ट यायला हवेत. खऱ्या तुकड्यावर १९ च्या पुढे आले. दुसऱ्यावर पावणेतीन. म्हणजे ७ मायक्रोओहम-मीटर, अगदी भट्टीच्या इलेक्ट्रोडचा आकडा.

कमी रेझिस्टन्स म्हणजे चांगलं नाही का, असं मला त्या दिवसांत दोन पार्ट्यांनी विचारलं, म्हणून सांगतो. ब्रश एका पट्टीवरून दुसरीवर जाताना मधलं कॉइल क्षणभर शॉर्ट करतो. त्या कॉइलमध्ये तेवढ्या वेळात व्होल्टेज निर्माण होतं आणि ब्रशमधूनच फिरणारा करंट सुरू होतो. तो करंट आवरायला कार्बनचा स्वतःचा आणि संपर्कातला रेझिस्टन्सच कामी येतो. तो नसला की पट्टी ब्रशखालून निसटताना करंट तुटतो आणि ठिणगी पेटते. सुरुवातीच्या डायनामोंवर तांब्याच्या तारांचे आणि जाळीचे ब्रश होते, ते याच कारणाने कम्युटेटर खात. जॉर्ज फोर्ब्स यांनी १८८५ मध्ये तिथे कार्बन वापरायचं पेटंट घेतलं. कार्बन मुळात आलाच तो त्याच्या रेझिस्टन्ससाठी, आणि माझ्या ब्रशमधून नेमका तोच चोरला गेला होता.

व्यापाऱ्याला फोन केला. त्याचं उत्तर अजून कानात आहे. ‘साहेब, सर्टिफिकेटवर इलेक्ट्रोग्रॅफाइट लिहिलंय, इलेक्ट्रोग्रॅफाइटच दिलंय. तपासून घ्या कुठेही.’ आणि शब्दाने ते खरंच होतं. भट्टीचा इलेक्ट्रोडही इलेक्ट्रोग्रॅफाइटच. त्या कागदावर ग्रेडचं नाव नव्हतं, जातीचं वर्णन होतं. आट्याच्या कोपऱ्याचा फोटो पाठवला, त्यानंतर त्याने फोन उचलला नाही.

डिस्पॅचच्या वहीतून त्या लॉटची प्रत्येक नोंद काढली आणि सगळ्यांना स्वतः फोन केले. मशीन थांबवा, माझे ब्रश काढा, मी बदलून देतो. हे बोलणं सोपं नव्हतं. दोघांनी पुन्हा काम दिलं नाही आणि त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. तीन कम्युटेटर माझ्या खर्चाने लेथवर चढवून हलका हात मारून घेतले, अभ्रक खाली कापला, कडा मारल्या. आतला कार्बनचा भुसा झाडून-ओढून काढल्यावरच मेगरचा, म्हणजे इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरचा, आकडा पुन्हा वर आला.

आता ठोकळे घेताना मी ग्रेडचं नाव आणि रेझिस्टिव्हिटीची वरची-खालची हद्द ऑर्डरवरच लिहितो आणि त्याखाली विकणाऱ्याची सही घेतो. ‘विनिर्देशानुसार’ चालत नाही, आकडा हवा. सॅम्पल पास झालं म्हणून लॉट पास होत नाही, आणि वरचा थर हा तर सॅम्पलच समजावा. खालून, मधून, कोपऱ्यातून ठोकळे काढून मोजतो, तेही तिन्ही बाजूंनी, कारण दाबून किंवा ओढून केलेल्या मालात एका दिशेचा आकडा दुसऱ्या दिशेला येत नाही. एक ठोकळा मोडून भिंगाखाली धरतो. पैशांचा मोठा भाग ही मोजणी झाल्यावरच देतो. जो याला तयार होत नाही त्याचा माल घेत नाही. यासाठी लागतं ते सामान म्हणजे डीसी सप्लाय, ॲमीटर, मिलिव्होल्ट दाखवणारा चांगला मीटर आणि दोन टोचण्या. मोटर दुरुस्त करणाऱ्या कुणाकडेही हे असतं. ब्रश विकत घेणाऱ्यांनीही नव्या डब्यातले चार-पाच ब्रश असे मोजावेत. आकडा किती यायला हवा हे माहीत नसलं तरी चालेल, पण एका डब्यातले ब्रश एकमेकांपासून सहा-सात पट वेगळे निघाले तर ते मशीनवर चढवू नका.

परवा ओळखीच्या एका ब्रशवाल्याने ठोकळ्यांचा फोटो पाठवला. माल तयार आहे, भाव बरा आहे, घेऊ का? फोटोत कडा सरळच दिसत होत्या. मी त्याला छेदाचं माप विचारलं, १० ॲम्पियर सोडायला सांगितलं आणि किती यायला हवेत ते हिशेब करून कळवलं. तासाभराने त्याचा आकडा आला. यायला हवा होता त्याच्या सहाव्या हिश्श्याहूनही कमी. त्याने पैसे अजून पाठवले नव्हते.