आल्टो ८००चं हेड गॅस्केट: सर्व्हिस सेंटर, गॅरेज की बाटली?

आल्टो ८००चं हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्यावर बसणारं हेड यांच्यामधलं पातळ पॅकिंग, पाचशे ते हजार रुपयांत मिळतं, पण कामाचं बिल दहा हजारांच्या आसपास जातं. मालकाला वाटतं आपल्याला लुटलं, म्हणून तो सगळ्यात कमी आकडा सांगणाऱ्याकडे गाडी टाकतो. खरं तर पैसे लागतात ते हेड उतरवायला, सपाट करून घ्यायला आणि नीट परत बसवायला. कमी आकड्यात बहुतेक वेळा यातलं मधलं काम गाळलेलं असतं.

हेड उघडण्याआधी ते उघडायची खरंच गरज आहे का, हे पाहा. ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय दिसली की ‘गॅस्केट गेलं’ असं सांगून मोकळे होणारे पुष्कळ आहेत. पावसाळ्यात रोज दोन-तीन किमीच चालणाऱ्या गाडीत नुसत्या दमटपणानंही ती साय येते. खात्रीची लक्षणं वेगळी आहेत: बाहेर कुठेही गळती नसताना कूलंट (इंजिन थंड ठेवणारं रेडिएटरमधलं पाणी) कमी होणं, थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरात रेडिएटरचा वरचा पाइप दगडासारखा कडक होणं, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येणं, सकाळी पहिल्या स्टार्टला इंजिन एका सिलिंडरवर अडखळणं. त्यावर कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते मोजून घ्या. तीन सिलिंडरच्या दाबातला फरक १ किलो प्रति चौ. सेंमीपेक्षा जास्त नसावा. शेजारच्या दोघांचा दाब एकदम पडला असेल तर गॅस्केट त्या दोघांच्या मध्ये फाटलंय. निळ्या द्रवाची ब्लॉक टेस्ट याहून सोपी आहे. कूलंटमध्ये जळालेला गॅस येत असेल तर द्रव पिवळा पडतो.

आता तिन्ही पर्याय. आकडे ठोकळमानाने धरा, शहरागणिक बदलतात.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये पंधरा ते पंचवीस हजार. भाग अस्सल, टॉर्क रेंच (बोल्ट ठरलेल्या जोरानेच कसणारा पाना) असतो, कामाची नोंद राहते. सुट्या भागांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून सरसकट १८ टक्के झाला आहे, मजुरीवरही तेवढाच. अडचण एकच: हेड वाकलेलं निघालं की फेसिंगऐवजी (घासून सपाट करण्याऐवजी) सरळ नवं हेड सुचवलं जातं आणि बिल हाताबाहेर जातं. ‘हेड किती वाकलंय, आकडा सांगा’ एवढं विचारायला लाजू नका.

चांगल्या गॅरेजात सात ते बारा हजार. आमची पसंती यालाच, पण कोटेशनमध्ये पुढच्या गोष्टी वेगवेगळ्या लिहून घ्यायच्या अटीवर. मजुरी तीन ते पाच हजार. हेडचं फेसिंग आणि प्रेशर टेस्ट (दाब देऊन तडा शोधणं) मिळून हजार ते दोन हजार. हे काम गॅरेजवाला करत नाही, लेथ-ग्राइंडिंगवाल्याकडे पाठवतो, म्हणून त्याची वेगळी पावती मागा. हेड उतरलंच आहे तर व्हॉल्व्ह लॅपिंग (व्हॉल्व्ह घासून जागेवर नीट बसवणं) आणि नवे व्हॉल्व्ह सील करून टाका. या इंजिनात टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणारा पट्टा) आहे. तो कधी बदलला याची नोंद नसेल तर बेल्ट आणि टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) नवेच घाला. वॉटर पंपापर्यंत हात पोचलेलाच असतो, तो ठिबकत असेल तर आत्ताच बदला, नाहीतर तीच मजुरी पुन्हा द्याल. शिवाय ऑइल, फिल्टर, कूलंट, टॅपेट कव्हरचं पॅकिंग.

काम बिघडतं कुठे, हेही सांगायला हवं. इंजिन गरम असतानाच बोल्ट सोडले की ॲल्युमिनियमचं हेड वाकतं. रात्रभर थंड होऊ द्यावं आणि बोल्ट बाहेरून आत या क्रमाने थोडे थोडे सोडावेत. हेडवर सरळ पट्टी ठेवून फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) खालून सरकवायचा, लांबीत, रुंदीत आणि तिरका. ०.०५ मिमीची पाती आत गेली तर फेसिंग करायचंच. जुनं गॅस्केट काढायला ग्राइंडरची डिस्क फिरवणारा मेकॅनिक दिसला तर गाडी तिथून उचला. त्याने पडलेले खड्डे नवं गॅस्केट भरत नाही. बोल्टच्या भोकांत ऑइल किंवा पाणी राहिलं तर पाना ‘घट्ट’ सांगतो, प्रत्यक्षात हेड दबलेलंच नसतं, आणि जास्त जोर लावला तर ब्लॉकला तडा जाऊ शकतो. कापड, हवा, मग बोल्ट. कसताना मधून बाहेर, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचनेच. ‘हाताला अंदाज आहे’ हे या आठ बोल्टना चालत नाही. गॅस्केटला शेलॅक (चिकट लेप) फासायचीही जुनी सवय आहे. कोरडं लावायचं गॅस्केट कोरडंच लावा.

तिसरा पर्याय रेडिएटरमध्ये ओतायच्या सीलर बाटलीचा. पाचशे-सातशेला मिळते. बारीक झिरप काही दिवस थांबेलही, पण तोच चिकट माल रेडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्यांत बसतो. नंतर हेडचं काम तर लागतंच, वर रेडिएटरही. पाचपैकी शून्य.

गॅस्केट सहसा आपणहून जात नाही, गाडी तापली म्हणून जातं. पंख्याची मोटर, रिले, थर्मोस्टॅट, रेडिएटरचं झाकण, चोंदलेला रेडिएटर यांपैकी दोषी कोण ते न शोधता गाडी ताब्यात घेऊ नका. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी घातलेल्या गाडीत क्षाराचा थर हमखास सापडतो. काम झाल्यावर हीटर पूर्ण गरमवर ठेवून हवा काढावी, पंखा दोनदा आपोआप सुरू-बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवावं, दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर पातळी पाहावी. ऑइलमध्ये पाणी मिसळलेलं असेल तर पहिलं ऑइल पाचशे किमीवर पुन्हा बदला. पाणी मिसळलेल्या ऑइलने बेअरिंग खराब होण्याच्या मानाने ते फार स्वस्त पडतं.

हेडला तडा असेल तर कुर्ल्याच्या जुन्या मालाच्या बाजारात वापरलेलं हेड मिळतं. प्रेशर टेस्ट करून पास झालं तरच पैसे, असं आधी ठरवून घ्या.

आल्टो के१०वाल्यांनी हे आकडे जसेच्या तसे धरू नयेत. तिथे बेल्टऐवजी चेन आहे, चेन कव्हर उघडून परत लिक्विड गॅस्केटने बसवावं लागतं, हेडचे बोल्ट टॉर्कनंतर ठरावीक कोनात फिरवून कसतात आणि ताणले गेलेले बोल्ट नवे घ्यावे लागतात. मजुरी दीडपट सांगितली तर ती रास्त समजा.