आयर्लंडची ग्रुप टूर: फोटो दाखवून झाल्यानंतरचा अनुभव

परतीच्या दिवशी टूर मॅनेजर अभिप्रायाचा फॉर्म हातात ठेवतो तेव्हा सगळेच पाचपैकी पाच देऊन मोकळे होतात. पोरगा रोज सकाळी आपल्या बॅगा मोजत उभा असतो, कमी गुण द्यायला हात धजावत नाही. म्हणून मी मुद्दाम थांबले. जूनमध्ये गेलो होतो, आता दिवाळीही होऊन गेली. पाहुण्यांना फोटो दाखवून झाले, टूरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फक्त सुप्रभात उरलंय. आता लिहायला हरकत नाही.

कंपनी पुण्याची, नाव देत नाही. मार्ग असा: डब्लिन, तिथून उत्तरेला बेलफास्ट आणि जायंट्स कॉजवे, मग पश्चिम किनाऱ्यावर गॉलवे, कॉनेमारा, बरेन, मोहरचे कडे, खाली केरी काउंटीत किलार्नी आणि डिंगल, शेवटी कॉर्कवरून पुन्हा डब्लिन. मंडळी बहुतेक साठीच्या अलीकडची-पलीकडची, पुणे-ठाणे-नाशिककडची. सोबत मराठी टूर मॅनेजर, आणि पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत एकच आयरिश ड्रायव्हर-गाइड. मेयो काउंटीतला, आमच्याच वयाचा, गाडी चालवता चालवता कॉलर माइकवर बोलणारा. या टूरचे पैसे वसूल झाले ते या माणसामुळे. बाकीचं सगळं हॉटेल-नाश्ता-बस कुठल्याही कंपनीकडे मिळतं.

मोहरच्या कड्यांचंच घ्या. सर्वांत उंच जागी २१४ मीटर सरळ तुटलेला दगड, खाली अटलांटिक. डब्लिन आणि गॉलवेहून निघालेल्या दिवसभराच्या बसगाड्या तिथे दुपारच्या सुमारास एकदमच पोचतात. आमच्याही कागदावर दुपारचे बारा होते. पण त्या सकाळी ढग इतके खाली आले होते की शेजारचं शेत दिसेना. गाइडने गाडी बाजूला घेतली, टूर मॅनेजरशी दोन मिनिटं बोलला आणि दिवसच उलटा फिरवला. आधी बरेन, संध्याकाळी मोहर. जूनमध्ये तिथे रात्री दहाच्या आसपासपर्यंत उजेड असतो, ही गोष्ट कार्यक्रम आखणाऱ्याला पुण्यात बसून सुचलेली नव्हती. आम्ही पोचलो तेव्हा पार्किंग रिकामं होत आलं होतं आणि कडे शेवटच्या टोकापर्यंत स्वच्छ दिसत होते. अर्थात सात वाजता गॉलवेच्या इंडियन रेस्टॉरंटमध्ये टेबलं लागली होती. मॅनेजर बिचारा फोनवर त्यांची समजूत काढत होता, आणि मागच्या सीटवरचे दोन काका 'जेवण गार होणार' म्हणून कुरकुरत होते. जेवण खरंच गार झालं.

या इंडियन जेवणाबद्दल माझं मत अजून बदललेलं नाही. जैन मंडळी आणि पथ्याची माणसं बरोबर असतात, सोय हवीच. पण रोज संध्याकाळी, बाहेर उत्तम उन्हं असताना, तळघरातल्या रेस्टॉरंटमध्ये तेच पनीर? दुपारी मात्र सुटका होती. भाज्यांचं दाट सूप, सोबत जाडसर गव्हाचा ब्राउन ब्रेड आणि तिथलं पिवळंधमक लोणी, एवढ्यावर शाकाहारी माणूस महिनाभर राहील. सूप कोंबडीच्या पाण्यात केलेलं नाही ना, हे मात्र विचारून घ्यावं. नाश्त्याच्या टेबलावरचं पुडिंग गोड नसतं. काळ्यात रक्त असतं, पांढऱ्यात डुकराचं मांस. मॅनेजरने पहिल्याच सकाळी हे सांगितलं म्हणून बरं.

बरेन म्हणजे मैलोन् मैल उघडा चुनखडक. फरशी घालावी तसा सपाट, मधे मधे खोल भेगा, आणि भेगांमधून रानफुलं. थंड डोंगराळ प्रदेशातली आणि भूमध्य समुद्राकाठची झाडं इथे शेजारी शेजारी उगवतात, म्हणून वनस्पतींचे अभ्यासक या भागाला फार मानतात. याच खडकावर पूलनाब्रोनचं थडगं उभं आहे. उभ्या शिळांवर तोललेली एक प्रचंड आडवी शिळा, पाच हजारांहून अधिक वर्षं जुनी. आमचे हे एरवी पुरातन गोष्टींपासून चार हात लांब राहणारे, पण इथून हलायला तयार होईनात.

कॉनेमारा हा टूरचा सर्वांत चांगला भाग. किलरीच्या खाडीजवळ गाइडने समोरच्या हिरव्या उतारावर बोट दाखवलं. नीट पाहिल्यावर गवताखाली समांतर वरंबे दिसले, उतारावर पार वरपर्यंत चढत गेलेले. दुष्काळाआधी लोक तिथे बटाटे लावायचे. १८४५ मध्ये बटाट्यावर करपा आला आणि पुढच्या सहा-सात वर्षांत सुमारे दहा लाख माणसं भुकेनं आणि साथींनी मेली, जवळपास तितकीच देश सोडून गेली. त्याच काळात बंदरांतून धान्य आणि जनावरं इंग्लंडला रवाना होत होती. १८४१ च्या शिरगणतीत या बेटावर ८० लाखांहून जास्त माणसं होती. तो आकडा आजही परत गाठलेला नाही. मदतकार्याचा कारभार लंडनहून पाहणाऱ्या चार्ल्स ट्रेव्हेलियनचं नाव गाइडने जरा दात दाबूनच घेतलं. आमच्यात इतिहासाच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी मागून सांगितलं की हाच गृहस्थ १८५९ मध्ये मद्रासचा गव्हर्नर होऊन आला. गाइडला हे ठाऊक नव्हतं. मग पुढचा तासभर माइक त्या दोघांत फिरत राहिला आणि आम्ही ऐकत राहिलो. पैसे मोजून असा तास विकत मिळत नाही, पण तो घडायला असा माणूस गाडीत लागतो.

याच रस्त्यावर बॅलिनाहिंचचा वाडा आहे. रणजी ट्रॉफी ज्यांच्या नावाने खेळली जाते त्या रणजितसिंहांनी तो १९२४ मध्ये विकत घेतला होता, सामन माशांच्या शिकारीसाठी. क्रिकेटवेडे अख्खा रस्ता खिडकीला नाक लावून होते. तिथे कॉफीला थांबता आलं असतं. त्याऐवजी कार्यक्रमात एका संगमरवराच्या दुकानाचा थांबा होता, आणि दुसऱ्या दिवशी लोकरीच्या स्वेटरांच्या दुकानाचा. दोन्ही ठिकाणी गरजेपेक्षा दुप्पट वेळ. कंपनीला मी हे लेखी कळवलं, गोड उत्तर आलं.

डूलिनच्या पबमधल्या संगीताची संध्याकाळ वेगळी नमूद करते, कारण तिथे आमचा ग्रुप शोभला नाही. व्हायोलिन, पत्र्याची बासरी, चामड्याचा हातढोल आणि कोपराने हवा भरायचे इलन पाइप्स घेऊन पाच-सहा जण कोपऱ्यातल्या टेबलाभोवती बसलेले. स्टेज नाही, माइक नाही. आपल्याकडे गावात एकादशीला भजनी मंडळ बसतं तसं, माणसं एकमेकांसाठी वाजवत असतात आणि बाकीच्यांनी ऐकलं तर ऐकलं. एवढ्या लहान जागेत अख्खी बस आत शिरली. कुणी फ्लॅश मारले, कुणी टाळ्यांचा ठेका धरला, एकाने फर्माईशही केली. वाजवणारे हसून पुढे गेले. गाइडने मग आम्हाला चार-चारच्या टोळ्यांत वेगवेगळ्या पबमध्ये पाठवलं आणि तेव्हा कुठे संगीत ऐकू आलं. मोठ्या ग्रुपबरोबर जाणाऱ्यांनी हे आधीच मागून घ्यावं.

केरीत निराशा झाली ती रिंग ऑफ केरीची. साधारण १८० किलोमीटरचा वळसा, आणि रस्ता अरुंद म्हणून मोठ्या बस सगळ्या एकाच दिशेने जातात. म्हणजे तेच थांबे, त्याच क्रमाने, पुढे त्याच बसची पाठ. आमच्या ब्रोशरच्या मुखपृष्ठावर स्केलिग मायकल झळकत होता, समुद्रातल्या सुळक्यावरचा तो प्राचीन मठ. प्रत्यक्षात क्षितिजावर दोन त्रिकोण दिसले, तेही पाऊस थांबला तेवढ्यापुरते. तिथे होडीने जाता येतं, पण परवाने मोजके, समुद्र शांत हवा आणि वर सहाशेहून जास्त दगडी पायऱ्या. ग्रुप टूरमध्ये हे बसत नाही, मग फोटो कशाला छापता?

डिंगलने ती कसर भरून काढली. स्ली हेडच्या वळणावरून समोर ब्लास्केट बेटं दिसतात. १९५३ मध्ये सरकारने तिथली शेवटची मोजकी माणसं मुख्य भूमीवर हलवली. गाइड तिथे फारसं बोलला नाही, अर्धा दिवस मोकळा दिला आणि 'हरवा जरा' म्हणाला. आम्ही गावात हरवलो, मासे खाल्ले, बंदरावर बसलो. आज विचाराल तर मला सर्वांत स्पष्ट आठवतो तो हाच अर्धा दिवस.

कॉर्कजवळ कोव्हला नेलं. ११ एप्रिल १९१२ ला टायटॅनिक इथून शेवटचं निघालं, त्याचं संग्रहालय पाहायला भरपूर वेळ दिला होता. पण याच काउंटीत अहाकिस्टा नावाचं किनाऱ्यावरचं गाव आहे. २३ जून १९८५ ला एअर इंडियाचं कनिष्क विमान बॉम्बस्फोटाने याच समुद्रात कोसळलं, ३२९ माणसं गेली, आणि त्यांचं स्मारक या गावाने चाळीस वर्षं सांभाळलंय. मृतदेह कॉर्कलाच आणले होते. भारतीयांसाठी भारतीय कंपनीने आखलेल्या टूरमध्ये त्याचा उल्लेखही नसावा, हे मला अजून पटलेलं नाही. वाट वाकडी करावी लागते हे मान्य, पण स्वेटरच्या दुकानांचा वेळ होताच की.

डब्लिन ठीक. ट्रिनिटी कॉलेजातलं बुक ऑफ केल्स, म्हणजे बायबलची जुनी सचित्र हस्तलिखित पोथी, काचेतून, रांगेतून, घाईत. ओकॉनेल स्ट्रीटवरच्या जनरल पोस्ट ऑफिससमोर मात्र शिक्षिकाबाई पुन्हा कामी आल्या. ब्रिटिशांविरुद्धचा इथला उठाव २४ एप्रिल १९१६ ला सुरू झाला आणि त्याच महिन्यात बेळगावात टिळकांनी होमरूल लीग स्थापन केली. कुडाळचे एक गृहस्थ होते, त्यांना मात्र एकाच गोष्टीत रस. आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड, हे त्यांनी डब्लिनमधल्या वेटरपासून डिंगलच्या मासेवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून झालं.

उत्तरेचा दिवस लांबलचक. कॉजवेचे सुमारे ४०,००० बेसॉल्टचे खांब बघण्यासारखे आहेतच, पण अंधेरीची गिल्बर्ट हिल याच प्रकारचा दगड आहे आणि आपण तिथे कधी फिरकत नाही, हेही बसमध्ये कुणीतरी काढलंच. दुसऱ्या दिवशी बेलफास्ट ते गॉलवे नुसता प्रवास. साडेचार तास गाडी चालवली की ड्रायव्हरला पाऊण तास विश्रांती सक्तीची आहे, त्यावरून 'चला ना आता' करू नये.

बुकिंगआधी कंपनीला दोन गोष्टी विचारा. स्थानिक गाइड अख्ख्या टूरला आहे की शहरापुरता, आणि पश्चिमेला एका जागी सलग दोन रात्री आहेत का. छत्री नेऊ नका, त्या वाऱ्यात उलटते. टोपीवालं पावसाळी जॅकेट न्या. व्हिसाचं प्रकरण मात्र गांभीर्याने घ्या. युरोपातल्या बऱ्याच देशांना एकच व्हिसा चालतो त्या शेंगेनमध्ये आयर्लंड नाही, आणि बेलफास्ट ब्रिटनमध्ये येतं. सीमेवर कुणी अडवत नाही, किलोमीटरच्या पाट्या जाऊन मैलांच्या येतात एवढंच, पण कागद दोन्हीकडचे लागतात. भारतीयांना एकाच व्हिसावर दोन्हीकडे जाण्याची योजना आहे, त्यासाठी व्हिसावर 'बीआयव्हीएस' (BIVS) ही अक्षरं छापलेली असावी लागतात. पासपोर्ट हातात आला की त्याच दिवशी चष्मा लावून ती शोधा.